अर्धवट टाकलेलं पुस्तक परत धरलं का? (जुलैचं वाचन, ठाणे-नवी मुंबई मंडळी)

तलावपाळी:
मंडळी, गेल्या रविवारी पावसानं आपली बैठक बुडवली. हॉलच्या जिन्यातच घोटाभर पाणी होतं, मी छत्री आणि बिस्किटांचा पुडा घेऊन दारातून परत आले. तर पुस्तकांवर बोलायचं राहिलं ते इथेच बोलूया. ज्यांच्या लक्षात नसेल त्यांच्यासाठी, या महिन्याचं काम होतं की कधीतरी अर्धवट टाकलेलं एक पुस्तक शोधायचं आणि परत धरायचं, नवीन विकत घ्यायचं नाही. नियम दोनच. कितव्या पानावर सोडलं होतं ते खरं खरं लिहायचं, आणि या वेळी तरी संपलं का ते लिहायचं. 'अप्रतिम, नक्की वाचा' असली एका ओळीची पोस्ट टाकणाऱ्यानं पुढच्या वेळी सगळ्यांना चहा पाजायचा.

ऐरोली_लोकल:
मी पहिला. नेमाड्यांची कोसला कादंबरी. पान ६१.
पानाचा पुरावा आहे माझ्याकडे, आत खूण म्हणून लोकलचं कूपन निघालं. पंच केलेलं, ठाणे स्टेशनचं, शाई उडालीय पण महिना कळतो. कूपनं बंद होऊन जमाना झाला आणि आमचं वाचन अजून त्याच पानावर.
कॉलेजात असताना सोडलं कारण तेव्हा पुस्तकात गोष्ट लागायची मला आणि इथे गोष्टच सुरू होईना, नुसता तो पांडुरंग सांगवीकर पुण्यात हॉस्टेलवर बसून सगळ्यांना नावं ठेवतोय. मित्र म्हणायचे अरे हा तर तूच आहेस. मला राग यायचा. आता एकेचाळीसाव्या वर्षी वाचलं तर गंमत बघा, मी सगळा वेळ त्याच्या बापाच्या बाजूनं होतो. म्हणजे बाप तिकडे खानदेशात शेतीचं बघतोय आणि हा इथे मेसचे आणि गॅदरिंगचे घोळ घालून पैसे उडवतोय, पोरगी दहावीला असलेल्या माणसानं हे वाचताना काय करायचं हो? हिशोबच करत होतो डोक्यात.
पण धाकटी बहीण जाते तो भाग आला आणि हिशोब बंद. वाशीवरून परत येत होतो, ऐरोली गेली, दिघा गेलं, सरळ ठाण्याला उतरलो आणि परत उलटी गाडी पकडली. रडारड नाहीये तिथे हे लक्षात घ्या. एकच गोष्ट तो परत परत त्याच शब्दांत घोळवत बसतो, आपण घरात मयत झाल्यावर बसतो ना तसं. १९६३ साली पंचविशीतल्या माणसानं लिहिलंय हे, मला पंचविशीत साधा रजेचा अर्ज धड लिहिता येत नव्हता.
संपवलं. कूपन परत आत ठेवलंय.

घोडबंदरवाली:
+१ बापाच्या बाजूला! मला वाटलं मीच एकटी.
माझं मृत्युंजय, शिवाजी सावंतांची कर्णावरची कादंबरी. नववीत असताना धरलं होतं, पान बिन आठवत नाही पण कवचकुंडलं द्यायच्या आधी कुठेतरी, कारण सहामाही होती आणि आईनं पुस्तक माळ्यावर टाकलं. नंतर आमचं नौपाड्यातलं घर गेलं, बिल्डिंग पाडली, माळा गेला, पुस्तक मात्र कपबश्यांच्या खोक्यात सापडलं.
या वेळी पूर्ण वाचलं आणि थोडा घोटाळा झालाय. रचना आजही जबरदस्त वाटते, कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि शेवटी श्रीकृष्ण असे सहा जण आळीपाळीनं बोलतात, आणि शोण बोलायला लागला की मला तेव्हाही भरून यायचं आणि आताही आलं. धाकट्या भावाच्या डोळ्यांतून मोठा भाऊ दाखवायचा ही आयडिया भारीच. पण भाषा! प्रत्येक पानावर सूर्य उगवतोय नाहीतर मावळतोय. नववीत मी असली वाक्यं वहीत उतरवून घ्यायचे, आता तीच वाक्यं आली की डोळे आपोआप दोन ओळी खाली सरकतात. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत), भक्तांनी धोपटू नये.

तुर्भे_नाका:
धोपटत नाही पण बसा जरा, माझं पुस्तक नेमकं याच्या समोर उभं राहणारं आहे.
युगांत, इरावती कर्व्यांचं, महाभारतातल्या माणसांवरचं. पान ४०च्या आसपास सोडलं होतं, कारण तेव्हा मी कट्टर कर्णपार्टी होतो आणि इरावतीबाई माझ्या हिरोला काही मान देईनात. रच्याकने (म्हणजे जाता जाता), मृत्युंजय आणि युगांत दोन्ही १९६७ सालची. एकाच वर्षी मराठी वाचकाला दोन वेगवेगळे कर्ण मिळाले आणि आपण बहुतेकांनी त्यातला एकच घरी आणला.
बाई मानववंशशास्त्राच्या, पुण्याला डेक्कन कॉलेजात. त्यांनी भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे जुनी हस्तलिखितं ताडून ठरवलेली संहिता, समोर ठेवून एकेक माणूस घेतलाय, आणि हा कुणाचा कोण, याला काय हवं होतं, याचं कुठे चुकलं एवढंच बघितलंय. आरती नाही आणि शिव्याही नाहीत. कर्णाबद्दल मला जे कळलं ते असं, की आपण नक्की कोण हेच त्याला आयुष्यभर सापडलं नाही आणि त्या तिरमिरीत तो नको तिथे नको ते बोलून बसला. द्यूतसभेत द्रौपदीला सगळ्यात घाण शब्द वापरणारा माणूस कर्णच आहे. हा भाग आपण गोष्ट सांगताना हळूच गाळतो.
अजून एक. स्वयंवरात द्रौपदी म्हणते ना की मी सूतपुत्राला वरणार नाही, ज्याच्यावर आपली अख्खी कर्णभक्ती उभी आहे, ते वाक्य चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाहीच. जुन्या हस्तलिखितांचा आधार नाही म्हणून खाली पाठभेदांत गेलंय.

घोडबंदरवाली:
काय सांगता!! म्हणजे मी पंचवीस वर्षं द्रौपदीवर उगाच चिडून होते?

तुर्भे_नाका:
हो. मी पण. माफी कुणाकडे मागायची कळेना.

खारेगाव_टोल:
दादा, पण कादंबरीला आवृत्तीचा दाखला लावून कसं चालेल? सावंतांनी कादंबरी लिहिली, संशोधनाचा पेपर नाही लिहिला. त्यांना कर्ण मोठा करायचा होता, त्यांनी केला, आणि गावागावातल्या ज्या पोरांनी अभ्यासाव्यतिरिक्त आयुष्यात एकच पुस्तक वाचलं त्यांनी ते वाचलं. माझे वडील आयटीआयवाले, फिटर, त्यांच्या पेटीत दोनच पुस्तकं होती, ज्ञानेश्वरी आणि मृत्युंजय.

तुर्भे_नाका:
मान्य. वडिलांना नमस्कार सांगा. मी एवढंच म्हणतो की दोन्ही वाचा, आणि युगांत नंतर वाचा. आधी वाचलं तर मृत्युंजय वाचवणारच नाही.

पाचपाखाडीची_सून:
तुमचं महाभारत झालं असेल तर मी येऊ?
स्मृतिचित्रे, लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. सोडलं होतं पान २८, आणि कारण फार लाजिरवाणं आहे, शाळेत त्यातला धडा होता आणि त्यावर मला चारपैकी दीड मार्क मिळाला होता. तेव्हापासून लक्ष्मीबाई टिळक म्हटलं की मला संदर्भासहित स्पष्टीकरण द्या हेच दिसायचं.
या वेळी वाचलं ते सासूबाईंमुळे. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरनं टीव्ही बंद केला, मग दुपारी मी मोठ्यानं वाचायचं आणि त्यांनी काळा चष्मा लावून ऐकायचं असं ठरलं. म्हटलं दोन दिवसांत कंटाळतील. तीन आठवडे चाललं.
सुरुवातीलाच ते वडिलांचं सोवळं आहे. आजोबांना सत्तावन्नच्या बंडापायी इंग्रजांनी फाशी दिलं, त्याचा धसका जावयानं म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी घेतला, आणि तेव्हापासून घरात सोवळ्याचं वेड शिरलं. दिसेल ते धुवायचं. आता सांगा, फाशीची बातमी आणि धुण्याचं वेड या दोन गोष्टी एकमेकींना जोडणं हे आज कुणी मानसोपचारवाला करेल, आणि ही बाई १९३४ साली छापून आलेल्या पुस्तकात सहज, हसत हसत सांगून जाते. मी हसत होते आणि सासूबाई एकदम गप्प. मग म्हणाल्या, आमच्या आत्याबाई अशाच होत्या, दळण गिरणीतून आलं की डब्याला बाहेरून पाणी लावायच्या, आम्ही पोरी हसायचो, त्यांचा मुलगा विहिरीत गेला होता हे आम्हाला फार नंतर कळलं.
अठरा वर्षं झाली लग्नाला, मी ही आत्याबाई कधी ऐकलीच नव्हती.
पुढे नवरा, म्हणजे कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती होतात १८९५ साली, बायकोला न सांगता. तिथे मी संतापून पुस्तक पालथं घातलं. सासूबाई म्हणाल्या, वाच ना, थांबलीस का, तिनं काय केलं ते ऐकू दे. आणि ती काय करते तर ती लगेच मागे जात नाही हो. रडते, भ्रमिष्टासारखी होते, मग हळूहळू उभी राहते, त्याच्याशी भांडते, वेगळी राहते, सोवळं ओवळं एकेक पायरी स्वतः तपासून सोडते आणि पाच वर्षांनी, १९०० साली, स्वतःच्या हिशोबानं बाप्तिस्मा घेते. नवऱ्यापाठी गेली असं आपण सरसकट म्हणतो ते किती चुकीचं आहे.
आणि टिळकांचं ते दानशूरपण! घरात उद्याचं पीठ नाही आणि हे महाशय असेल नसेल ते दुसऱ्याला देऊन मोकळे. दर वेळी सासूबाई माझ्या सासऱ्यांच्या फोटोकडे बघायच्या.
संपलं. चौथा भाग त्यांच्या हातून अपुरा राहिला, त्या १९३६ मध्ये गेल्या, मग मुलानं तो पुरा केला. तिथे आवाज बदललेला लगेच कळतो. सासूबाई दोन पानांतच म्हणाल्या, आता ही नाही बोलत, बंद कर.

तलावपाळी:
अगं काय लिहिलंयस. शेवटचं वाक्य वाचून मी ऑफिसात काहीतरी काम करत असल्याचं नाटक करतेय.

कोपरी_पूल:
मोदक (म्हणजे अनुमोदन). पण एक शंका. विनोदाचं सगळे कौतुक करतात, मला मात्र वाचताना वाटत राहिलं की बाई हसून हसून बऱ्याच गोष्टी झाकतायत. इतकी उपासमार, मुलं गेली, नवरा असा, आणि राग कुठेच नाही?

पाचपाखाडीची_सून:
राग आहे की. तुम्ही पुरुष आहात म्हणून तो तुम्हाला विनोद वाटतो :)

कोपरी_पूल:
घ्या. गप्प बसतो.

नेरुळकाका:
नमस्कार मंडळी. माझे पुस्तक रणांगण. विश्राम बेडेकर, १९३९. सोडले होते पान ३० वर, बेलापूरच्या ऑफिसात असताना. शेजारच्या टेबलवाल्या गृहस्थाने जेवणाच्या सुट्टीत शेवट सांगून टाकला. त्यांना मी त्या दिवसापासून लोणचे दिले नाही.
आता निवृत्तीनंतर मुलाने किंडल दिले आहे, अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, एका स्क्रीनवर जेमतेम दहा ओळी मावतात इतके मी मोठे केले आहे, नातू म्हणतो आजोबा हे पुस्तक आहे की गाडीची नंबरप्लेट. पण रणांगण त्यावर नव्हते, छापीलच घ्यावे लागले, भिंग लावून वाचले.
एवढेसे पुस्तक. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू माणसे, त्यात ही हॅर्टा आणि आपला चक्रधर विध्वंस. थोड्या दिवसांचा प्रवास. मुंबई आली की हा उतरणार आणि तिची बोट पुढे पूर्वेकडे जाणार, हे पहिल्यापासून माहीत आहे. त्यामुळे शेवट कळल्याने काहीच बिघडत नाही असे माझे आता मत झाले आहे. लोणचे द्यायला हरकत नव्हती.
एक गोष्ट टोचली. ज्या वर्षी युद्ध सुरू झाले त्याच वर्षी हे छापले गेले. पुढे त्या लोकांचे काय झाले हे लेखकाला लिहिताना ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे. त्या बोटीवर नाचगाणी चालू असतात तेव्हा वाचणाऱ्याचा जीव खालीवर होतो. आणि चक्रधर हा भला माणूस नाही, हे मला तरुणपणी कळले नसते. तो डरपोक आहे आणि आपले डरपोकपण तो फार सुंदर भाषेत सांगतो.

ऐरोली_लोकल:
काका, शेवट सांगू नका हं, मी पुढचं हेच घेणारे.

नेरुळकाका:
सांगणार नाही. लोणचे घेऊन या म्हणजे झाले.

खारेगाव_टोल:
माझं मुंबई दिनांक. अरुण साधूंचं, १९७२ चं. पण मी ऐकलं. बायको ड्रायव्हिंग करताना मोठ्यानं वाचत होती, ठाण्याहून पनवेल, जाता येता, चार शनिवार. चालेल का हे नियमात?
आधी सोडलं होतं पान १०० च्या पुढे कुठेतरी कारण सिंहासन सिनेमा बघितला होता आणि वाटलं झालं की, कळलं की सगळं. नाही कळत. सिनेमा मुंबई दिनांक आणि सिंहासन या दोन कादंबऱ्या मिळून केलाय, १९७९ चा, त्यात राजकारण जास्त येतं. पुस्तकात शहर येतं. लोकल, झोपडपट्टी, युनियन, पेपरचं ऑफिस, आणि मुख्यमंत्री पण त्याच गर्दीतला एक असल्यासारखा. पत्रकार दिगू टिपणीस म्हटलं की सिनेमातले निळूभाऊ फुलेच दिसतात त्याला इलाज नाही.
मजा म्हणजे पन्नास वर्षं झाली आणि मंत्रिमंडळातली ती कुजबुज वाचताना बायको मधेच थांबून विचारायची, हे कालच्या पेपरातलं वाचतेय का मी?

कोपरी_पूल:
थांबा थांबा. गाडी कोण चालवत होतं?

खारेगाव_टोल:
हाहा, मी. वाक्य चुकलं. मी ड्रायव्हिंग करताना बायको वाचत होती. बायकोनं ही पोस्ट वाचलीय आणि आता तिचं म्हणणं आहे की वाचन तिचं, त्यामुळे पुस्तक तिच्या नावावर लावा.

तलावपाळी:
वहिनींच्या नावावर लावलं. ऐकणं चालेल, माझं मत. कीर्तन ऐकून तुकाराम पाठ झालेल्या आज्यांना आपण काय वाचलं नाही म्हणणार का.

कळवा_पूर्व:
खूप दिवस नुसता वाचतोय इथे, आज लिहितो.
बलुतं, दया पवारांचं आत्मकथन. पान २० पण नसेल झालं. मी अकरावीत होतो, आईनं हातातून काढून घेतलं आणि ट्रंकेत टाकलं. म्हणाली हे सगळं लोकांना सांगायची काय गरज होती. तिला दया पवारांचा राग होता असं नाही, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी आमच्याकडे पुस्तकांचाच मान. पण तिचं म्हणणं आपण आता कळव्यात राहतो, बाप रेल्वेत आहे, पोरं शिकतायत, तर मुंबईच्या कावाखाना वस्तीतलं ते जिणं कशाला परत उघडं करायचं.
१९७८ ला पुस्तक आलं तेव्हा आमच्या लोकांतही हेच भांडण झालं होतं असं वडील सांगायचे. बाहेरचे वाहवा करत होते आणि घरातले विचारत होते, आमची अब्रू का काढलीस.
आता वाचलं. आई नाही राहिली, ट्रंक माझ्याकडे आलीय. त्यात सुरुवातीला दगडू मारुती पवार भेटतो, म्हणजे लेखक स्वतःच्याच जुन्या नावाशी बोलतोय, आणि तो दगडू सगळं सांगत जातो. अकरावीत मला ते कळलंच नव्हतं, वाटलं दोन वेगळी माणसं आहेत. आता ऑफिसात एका नावानं आणि गावाला गेल्यावर दुसऱ्या नावानं हाक मारून घेतल्यावर बरोबर कळतं.
मला पुस्तक भारी वाटलं. पण आईचं चुकलं होतं असंही म्हणवत नाही. दोन ठिकाणी तर मीच पान मिटलं, पोरगा मागून वाचत होता.
संपवलं.

तुर्भे_नाका:
दादा, लिहीत जा इथे.

पाचपाखाडीची_सून:
तुमच्या आईंचं वाक्य दिवसभर डोक्यात राहणार. पोरगा केवढा आहे?

कळवा_पूर्व:
आठवीत. अकरावीत देणार त्याला. ट्रंकेला कुलूप नाहीये तसं पण.

घोडबंदरवाली:
सगळ्यांचं झालं, नियम काढणाऱ्या तलावपाळीताईंचं कुठाय??

ऐरोली_लोकल:
हो ना! पान नंबर सांगा ताई.

तलावपाळी:
मला वाटलं विसराल.
तुंबाडचे खोत, श्री. ना. पेंडसे. १९८७ चं, दोन खंड, दोन्ही उशी म्हणून वापरता येतील असे. सोडलं होतं पहिल्या खंडाच्या साधारण मध्यावर. या वेळी, ऐका, परत तिथेच सोडलंय. सॉरी. चहा माझ्याकडून.
पुस्तक वाईट आहे म्हणून अजिबात नाही. खेडकडची ती जगबुडी नदी, खोतांचा वाडा, पाऊस लागला की चार महिने माणसं घरात कोंडलेली, हे तर माझं आजोळच आहे, वाचताना वास येतो ओल्या गवताचा. आणि नाही, त्या भुताच्या सिनेमाचा नावापलीकडे याच्याशी संबंध नाही, माझ्या भाच्यानं खजिना कितव्या पानावर आहे विचारलं. माझी अडचण एकच आहे, चार पिढ्या. कोण कुणाचा मुलगा, कुणाचा पुतण्या, कोण आधीच मेलाय, मला पन्नास पानांनी लागतच नाही. शेवटी लाईट बिलाच्या पाठीमागे वंशावळ काढायला घेतली. मेचं बिल भरलं, जूनच्या बिलावर दुसरी पिढी आली, मग नवऱ्यानं जूनचं बिल रद्दीत दिलं. त्या दिवशी मी दोघांचाही नाद सोडला, खोतांचा आणि नवऱ्याचा.
आणि दुसरा खंड माझ्याकडे नाहीचे, लायब्ररीत आठ महिने कुणीतरी दाबून बसलंय.

कोपरी_पूल:
नियम काढणारेच नापास. पुढच्या वेळी चहासोबत बटाटेवडा पण.

नेरुळकाका:
ताई, तुंबाडचे दोन्ही खंड माझ्याकडे आहेत. शनिवारी ठाण्याला येतो आहे, दहाच्या सुमारास स्टेशनात भेटलात तर देतो. दोन्ही घेऊन जा. पहिल्या खंडाच्या कोऱ्या पानावर आमच्या हिने पेन्सिलीने चारही पिढ्यांची वंशावळ काढून ठेवलेली आहे, ती चालेल ना? नाहीतर खोडून आणतो.

तलावपाळी:
काका!!!! खोडरबराला हात लावू नका. पावणेदहालाच येऊन उभी राहते.